व्यासपीठावरील डुलकी

नालवाडी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १९२३

नागीण बरी होऊनही बरगडीखाली उरलेली आग डॉक्टरांच्या नव्या गोळीने खरोखर शमली. परंतु जिभेला कोरड आणि डोळ्यांवर गुंगी! आज मंदिरात पुराण सांगता सांगता व्यासपीठावरच माझा डोळा लागला. किती वेळ, कोण जाणे. जाग आली तो सारे श्रोते हात जोडून निश्चल. महाराजांची समाधी लागली, असा त्यांचा समज!

गप्प राहावे काय? क्षणभर मोह झालाच. पण पोथीसमोर असत्य कसे पचावे? कोरड्या जिभेनेच सांगून टाकले, "समाधी नव्हे, ही गोळीची गुंगी. उद्यापासून या आसनावर दुसऱ्या कोणास बसवा."

पहिल्या रांगेतल्या गोदाबाई ताडकन म्हणाल्या, "काऊन जी महाराज? आमी तं रोजच झोपतो. तुमी कधी आमाले घरी धाडलं का? गोळी पुराण झाल्यावर घेत जा!"

सारे मंदिर हसले, मीही. सायंकाळी डॉक्टरांनीही गोळी रात्री घेण्यास संमती दिली. आसन राहिले. आणि मी मात्र इतकी वर्षे त्या मिटलेल्या डोळ्यांना तल्लीनता समजत आलो होतो!