मॅटेडोरचा पोचा

मंगळवार, संध्याकाळ. भोकर.

आडतवाल्या अप्पांच्या पोराला जुन्या मॅटेडोरचं फिरतं घर करायचंय, म्हणून आज तिचा रंग काढायला घेतला. रिमूव्हर लावला की रंग सायीसारखा सुटत होता. पुढच्या बाजूची पुट्टी निघाली आणि खाली तो पोचा दिसला. नऊ वर्षांपूर्वी मीच भरलेला. अप्पा तेव्हा म्हणाले होते, म्हैस आडवी आली. त्याच आठवड्यात नांदेड रोडवर आमच्या शेजारच्या कमलमावशीला गाडीनं उडवलं होतं. मावशी जागीच गेली; ती गाडी सापडलीच नाही. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. तरी पुट्टी भरली, घासली, रंग मारून पत्रा सपाट केला.

दुपारी मावशीचे यजमान, किसनकाका, नेहमीसारखे दुकानात येऊन टेकले. पोच्यावर हात फिरवत म्हणाले, "हे कशानं रं?"

"म्हैस आडवी आली व्हती, काका."

किती सहज निघालं तोंडातून! शब्दसुद्धा अप्पांचेच.

काकांचा हात पोच्यावरून निघेना.

"मग वाचली का ती?"

"हाव. वाचली."

"बरं झालं," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.