तेजलला खांद्यावर टाकून नेल्याबद्दल

इंदिरानगर, नाशिक
१६ फेब्रुवारी २००६

तीर्थस्वरूप भिमाअक्का,

धोंडीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (या वेळी खरोखरच ठेवलंय असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे. पण शिकायला म्हणून तू माझ्या घरी ठेवलेली तुझी तेजल तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि चूक सर्वस्वी माझी आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

झालं असं. शनिवारी पंचवटीत गोदाकाठी रात्रभराचा कला महोत्सव होता. "मामा, माझा कार्यक्रम आहे, नक्की या," असं ती आठवडाभर सांगत होती. कार्यक्रम म्हणजे स्टेज, माईक, खुर्च्या, असं तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला वाटणारच. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एका झाडाला पन्नास ट्यूबलाइट बांधून पेटवल्या होत्या, एक बुवा तेलाच्या रिकाम्या डब्यांवर ताल धरून बसला होता. खुर्च्या मात्र कुठेच नाहीत. तासभर हिंडलो. मग भाजीबाजाराच्या कोपऱ्यात गर्दी दिसली. मधे सडक्या कोथिंबिरीचा आणि टोमॅटोचा ढीग, त्यावर एक बाई निपचित पडलेली, केसांपासून पायांपर्यंत चिखल. भोवती शंभर माणसं नुसती बघतायत. माझं डोकंच फिरलं. "बाई मरायला टेकली आणि तुम्ही फोटो काढता?" असा ओरडलो. एक दाढीवाला तरुण म्हणाला, "काका, हात लावू नका, चालू आहे ते." त्याला ढकललं. फिट आली असणार म्हणून चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. (नवी होती. वास कमी पडत असेल म्हणून जरा जास्त वेळ लावली.) ती हलेना. मग सरळ खांद्यावर टाकली आणि रिक्षाकडे धावत सुटलो.

अर्ध्या वाटेत कानाशी आवाज आला, "मामा, मी तेजल. खाली ठेवा."

अक्का, न खपलेला माल टाकून देतात तसं चार तास निश्चल पडून राहायचं, हाच तिचा कार्यक्रम होता. तीन तास वीस मिनिटं झाली होती. पोरीनं तीन महिने सराव केला होता. मला वाटायचं, हल्ली झोपा फार काढते.

इथवर माफी मागता आली असती. पण मागून सगळी गर्दी टाळ्या वाजवत आली. त्यांना वाटलं, हाच शेवट. पेपरची एक मुलगी पुढे झाली, "काका, कल्पना कोणाची?" तेजल शेजारी थंडीनं कुडकुडत उभी होती. आणि मी घाम पुसून म्हणालो, "आम्ही दोघांनी मिळून बसवलंय." का म्हणालो? तीस वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. (निरोप समारंभाला वीज गेली होती आणि लोकही.) सोमवारी पेपरात हा एवढा फोटो. खाली, 'ज्येष्ठ कलावंत धोंडीराम गांगुर्डे व सहकारी'. सहकारी! पोरीचं नावसुद्धा नाही.

तेजलनं पेपर वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "मामा, चप्पल लावलीत त्याचं मला काही वाटलं नाही." त्यानंतर अवाक्षर नाही.

परवा मी पेपरच्या कचेरीत जाऊन लिहून दिलं, की कल्पना, मेहनत आणि चिखल तेजलचा. माझा फक्त गैरसमज. आज पाचव्या पानावर, पाण्याच्या मोटारीच्या जाहिरातीखाली, चार ओळी आल्यात. तिच्या टेबलावर पान उघडून ठेवलंय. ती अजून कॉलेजातून यायची आहे. मी दाराशी बसून हे लिहितोय.

तुझा शरमिंदा भाऊ,
धोंडीराम

ता. क. – खरं काम असं की रविवारी तू ये. माफी मलाच मागायची आहे, पण चार माणसांत तोंड उघडलं की मी भलतंच बोलतो हे आता कळलंय. तू नुसती शेजारी बस.

ता. क. दुसरा – त्या सोमवारच्या पेपरच्या मी सात प्रती घेतल्या होत्या. सहा फाडल्या. सातवीतला फोटो कापून या पाकिटात घातलाय. तेजलला कळू देऊ नकोस. आणि ठेवताना घडी माझ्या तोंडावरून जाणार नाही एवढं बघ.