सहा रविवार आणि एक गाढव

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात कमरेपर्यंतच वाकता येतं, उरलेला तू धरून चाल.) तुझी पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधतेस की खुर्चीला लटकवून ठेवतेस, हे भाऊजींना विचारलं तर ते खरं सांगतील, म्हणून त्यांना वेगळं पत्र टाकणार आहे. भाऊजींचा खोकला, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाची सकाळची कसरत आणि तुझा माझ्यावरचा राग, तिन्ही कमी झाले असतील अशी आशा आहे. तुझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, हे मान्य. पण गेले सहा रविवार या घरात काय चाललं होतं ते वाचलंस की तू रागावणार नाहीस. हसशील, आणि ते मला जास्त लागेल.

तुला माहीतच आहे की तुझी भाची (तिला आता चारचौघांत मुंगी म्हटलेलं चालत नाही, पत्रात चालतं) स्पॅनिश साहित्याच्या वरच्या परीक्षेला बसते आहे. पास झाली तर दोन दिवसांच्या प्रवासावरच्या त्या मोठ्या विद्यापीठात थेट प्रवेश. नापास झाली तर आमच्या दुकानासमोरून बस जाते ते कॉलेज. हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं ते विचारू नकोस, आपल्या घरात सगळ्यांचं मिळून परदेशी भाषेचं ज्ञान शिलाई मशीनच्या खोक्यावर छापलेल्या सूचनांपुरतं आहे. त्यात शाळेतल्या स्पॅनिशच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी तो तास व्यायामाच्या सरांना दिला. सर भला माणूस. ते मुलांना ओळीने वाचायला लावतात आणि कोण चुकलं ते कळत नसल्यामुळे सगळ्यांनाच शाबासकी देतात. परीक्षेला अकरा आठवडे होते आणि यादीत गोष्टी, कविता, नाटकं मिळून अडतीस पाठ. तेव्हा शिकवणी लावायची ठरली, आणि शिक्षक शोधायचं काम मी अंगावर घेतलं. (तुझ्या भावजयीच्या मते घेतलं नाही, ओढून घेतलं.)

आता माणूस निवडायचा म्हणजे निवडायचा कसा? मला स्पॅनिशचं अक्षर कळत नाही, पण पडद्यांच्या धंद्यात तीस वर्षं काढली आहेत आणि बाबांचा नियम तुला पाठ असेल: गिऱ्हाइकाच्या खिडकीवर नमुन्याचा तुकडा एक दिवस टांगल्याशिवाय ऑर्डर लिहायची नाही. आणि दोन कापडं ताडून पाहायची तर खिडकी तीच हवी, उजेड तोच हवा. मी तोच नियम लावला. प्रत्येक शिक्षकाने रविवारी (दुकान बंद असतं) येऊन एक तास नमुना शिकवायचा, आणि ताडून पाहता यावं म्हणून सगळ्यांनी एकच पाठ शिकवायचा, यादीतला पहिला. आम्ही घरचे समोर बसणार. दुकानाची जुनी ऑर्डरवही काढली, तिच्यात रंग, पोत, पडतो कसा, धुतल्यावर आटतो का, असे रकाने होतेच, ते तसेच ठेवले.

पहिला पाठ म्हणजे एक जुनी गोष्ट आहे. एक म्हातारी विधवा पाणचक्की चालवते. एके सकाळी तिचं गाढव नाहीसं होतं आणि ती गावातल्या प्रत्येक दारावर जाऊन विचारते, आणि प्रत्येक दारावर तिला एक नवीन थाप ऐकायला मिळते. दारं सात आहेत. हे मी इतक्या ठामपणे सांगतो आहे, कारण मी ती गोष्ट चार वेळा ऐकली आहे. आणि प्रत्येक वेळी पाचव्या दाराशी तास संपला आहे.

पहिल्या रविवारी जहाजावरचे निवृत्त आचारी आले. ते वीस वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरांतून हिंडलेले. बोलणं फर्डं, पण त्यातलं निम्मं ऐकून मुंगीचे कान लाल झाले आणि अर्थ सांगायला तिने नकार दिला. त्यांच्या मते गाढव म्हणजे गाढव. ते चोरीला गेलं आहे, आणि ते स्वतः तिथे असते तर तिसऱ्याच दारात त्यांनी चोर धरला असता. माझे सासरे (निवृत्त पोस्टमन, सध्या आमच्याकडेच असतात) फार खूश झाले. त्यांची एकच शंका होती की त्या गावात घरांना नंबर का नव्हते. मी वहीत लिहिलं: पोत जाड, टिकाऊ, दिवाणखान्यात नको.

दुसऱ्या रविवारी विद्यापीठात संशोधन करणारा एक हडकुळा तरुण आला. त्याने डोळे मिटूनच सुरुवात केली. गाढव म्हणजे विधवेचा मेलेला नवरा, असं सांगताना त्याने रुमाल काढला. हिनेही पदर डोळ्यांना लावला. सासऱ्यांचं मात्र डोकं फिरलं. आयुष्यभर ओझी वाहिल्यावर मेल्यानंतरही माणसाला गाढवच म्हणायचं, आणि ते जावयाच्या घरात बसून ऐकायचं का, असं विचारून ते उठले आणि तासाभराने भूक लागली तेव्हाच खोलीबाहेर आले. शेरा: नाजूक, धुतल्यावर आटेल.

तिसऱ्या रविवारी रंगीत पेनांचा डबा घेऊन क्लासवाल्या बाई आल्या. त्यांच्या मते गोष्ट वाचायचीच नसते. गाढव म्हणजे धर्मसत्ता, हिरव्या पेनाने. दारं म्हणजे समाज, केशरी पेनाने. विधवा राहिली, तिला पेनच उरलं नव्हतं. मला ही पद्धत पटली होती, रंगांचं शेड-कार्ड मला पटकन कळतं. पण मुंगीने हळूच विचारलं, ती म्हातारी थकली असेल ना? बाई म्हणाल्या, थकण्याला गुण नाहीत. त्या वाक्यावर घरातलं एकही मत त्यांना पडलं नाही.

चौथे शिक्षक संगणकावरून आले. म्हणजे त्यांचं कपाळ आलं. उरलेला चेहरा पडद्याच्या खाली राहिला आणि तास संपेपर्यंत वर आला नाही. मधून आवाज जायचा, मग नुसतंच कपाळ विचार करताना दिसायचं, आणि आवाज परत येईपर्यंत म्हातारी दोन दारं पुढे गेलेली असायची. हिने तेवढ्यात सगळ्यांना चहा दिला आणि एक कप सवयीने संगणकापुढेही ठेवला. शेरा लिहिताना माझा हात थबकला, कारण आटेल की नाही हे बघायला आधी कापड तरी हवं.

तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. चार आठवडे गेले आणि मुंगीचा एकच पाठ झाला होता, तोही चारदा. उलट मीच त्या गोष्टीत गुरफटलो. माप घ्यायला जायचो तिथे गिऱ्हाइकांना गाढव सांगत बसायचो. दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीचं कापड कापताना मी सहाव्या दाराचा विचार करत होतो, आणि पडदे वीतभर आखूड निघाले. आता खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटला समोरच्या इमारतीतल्या लोकांची पावलं तेवढी दिसतात. डॉक्टर म्हणतात, लोक त्यामुळे शांत पडून राहतात, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत असावेत. शेवट काय होतो ते मी मुंगीला विचारलं (तिने अर्थातच गोष्ट पुरी वाचली आहे), तर ती म्हणाली, परीक्षेत शेवट विचारत नाहीत, बाबा.

पाचव्या रविवारी एक वयस्क बाई आल्या. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर राहतात आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतात. पूर्वी कुठेतरी साहित्य शिकवायच्या. पायात बूट दोन वेगळ्या जोड्यांतले होते आणि त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांनी मुंगीला विचारलं, हा पाठ कितीदा झाला? चारदा, असं कळल्यावर त्यांनी सरळ पुस्तक पुढे उलटलं आणि एकोणिसावा पाठ काढला, एक छोटीशी कविता. ती वाचली आणि मुंगीला म्हणाल्या, तुला काय वाटतं? आणि गप्प बसल्या. ताई, मी घड्याळ बघत होतो, त्या चार मिनिटं गप्प होत्या. सासऱ्यांना वाटलं त्यांना डुलकी लागली. मग मुंगी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली, आणि ती तासाच्या शेवटापर्यंत थांबलीच नाही. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. जाताना बाईंना मी कळवतो म्हणालो. (आपल्या धंद्यात गिऱ्हाईक 'कळवतो' म्हणालं की मी टेप गुंडाळायला लागतो, तुला माहीत आहे.) घरात सगळ्यांनी त्यांना मत दिलं, पण मी तो नमुना बाद केला. कारण उघड आहे. त्यांनी दुसऱ्याच खिडकीवर कापड टांगलं होतं, ताडून बघणार कशाशी? मुंगी कपबशा उचलून आत गेली.

सहाव्या रविवारी एक भारदस्त गृहस्थ आले, मोठा क्लास चालवतात आणि स्वतःची खुर्ची घेऊन हिंडतात. त्यांनी गोष्टीचं पहिलं वाक्य वाचलं आणि गाढव कशाचं प्रतीक आहे असं विचारलं. त्याबरोबर ही, सासरे आणि मी, तिघेही एकदम बोलायला लागलो. ही मेलेल्या नवऱ्याच्या बाजूने, मी धर्मसत्तेच्या, आणि सासरे गाढवाच्या. सासऱ्यांनी काठी आपटली. हिने मला, तुम्ही आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याचं ऐका, असं सुनावलं. अर्ध्या तासाने गृहस्थांनी अतिशय नम्रपणे विचारलं की यातला विद्यार्थी कोण. आम्ही मागे वळून बघितलं तर मुंगी तिथे नव्हती. ती आपल्या खोलीत भिंतीवरच्या यादीपुढे बसली होती. अडतीस पाठांतल्या पहिल्याच्या आणि एकोणिसाव्याच्याच पुढे बरोबरची खूण होती, आणि पहिल्याच्या खुणेवरून पेन फिरवून फिरवून कागद फाटला होता. गृहस्थ खुर्ची उचलून गेले. जाताना म्हणाले, घरच्यांची तयारी उत्तम आहे.

तर असं हे सगळं आहे. पाच आठवडे राहिले आहेत आणि छत्तीस पाठ. येत्या रविवारी सातवा माणूस बघायचा म्हणतो आहे, कुणी म्हणतात तो पूर्वी नाटकात होता. तुझं काय मत आहे ते सवडीने कळव. भाऊजींना नमस्कार, वरच्या मजल्यावरच्याला माझ्यातर्फे काही सांगू नकोस. पट्टा बांध.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या बैठकीच्या खोलीचे पडदे तयार आहेत. मापं तुझी आहेत, तेव्हा आखूड झाले तर दोष तुझा.

ता. क. दुसरा. ताई, पाचव्या बाईंबद्दल वर लिहिलं ते खोटं नाही, पण कारणही ते नाही. जिन्यात बूट घालताना त्या मला म्हणाल्या, ही मुलगी जाणार बरं का. पास होणार म्हणाल्या नाहीत, जाणार म्हणाल्या. मला ते त्या चार मिनिटांतच कळलं होतं, आणि मला ते नको होतं. रोज चार वाजता ती दुकानात येते, दप्तर कापडाच्या ताग्यांवर टाकते आणि दिवसभरातलं काहीतरी सांगते, मी ऐकत नसलो तरी सांगते. ते चार वाजणं मला सोडवत नाही. म्हणून मी सहा आठवडे नमुने बघत बसलो. एकही माणूस मी पसंत पडावा म्हणून बोलावला नव्हता, आणि त्या बाई तर हिने शोधून आणल्या होत्या. तू शिकायला गेलीस त्या आठवड्यात बाबांनी तुझ्या खोलीच्या खिडकीचं माप तीनदा घेतलं होतं. मी दहा वर्षांचा होतो, टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, आणि तिन्ही वेळा ते तेवढंच भरलं. पण त्यांनी तुला जाऊ दिलं. तेव्हा एक काम कर. बाईंचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तू फोन कर आणि उद्यापासून रोज या म्हणून सांग. मी केला तर माझ्या तोंडून पुन्हा 'कळवतो' निघेल.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला मुंगीकडेच देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हे तिला मीच शिकवलं आहे आणि ती ते पाळते, म्हणून पाकिटाच्या मागे लिहून ठेवलं आहे: आधी तू वाच, मग चिकटव.