डोक्याच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी

अण्णा, परवा मी डोक्याच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. कुणाची चिठ्ठी न घेता गेलो, हे मुद्दाम सांगतोय. तुम्ही आयुष्यभर साखर कारखान्याचे चिटबॉय. कुणाचा ऊस आधी तुटायचा आणि कुणाचा उभा वाळायचा, त्या तोडीच्या चिठ्ठ्या तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. लोक बांधावर चहा घेऊन उभे राहायचे. तुम्हाला वाटायचं, तो मान तुमचा. मान चिठ्ठीचा होता, हे दुष्काळ पडला तसं एका हंगामात कळलं. उरलासुरला ऊस चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला, कारखाना बंद, आणि तुम्ही तरीही रोज सकाळी रिकामी पिशवी अडकवून सायकलवर निघायचात. कुठं? वाळलेल्या रानात. चहावाले सोडा, कुत्रंही भुंकत नव्हतं.

मग तुमची झोप गेली. चुलीपुढं बसून भाकरी नुसती हातात धरायचात, रडायचात, आणि आईनं विचारलं की म्हणायचात, ‘लोकं मलाच शिव्या देतेत.’ लोकांना तेवढी फुरसत नव्हती अण्णा, ते टँकरमागं पळत होते. आईच म्हणाली, ‘सरकारी दवाखान्यात डोक्याचा डाक्टर बसतो म्हनं. जाऊन तर या.’ तुम्ही ती अडाणी असल्यासारखं तिच्याकडं बघितलंत. ‘चिठ्ठीबिगर कोन इचारतंय आपल्याला? आधी साहेबांची चिठ्ठी आनतो.’ साहेब म्हणजे आपल्या गटाचे कारखान्याचे संचालक. शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली खाट, छावणीतला चारा, सगळं त्यांच्या सहीनं व्हायचं. मग डोकं तरी कसं सुटेल?

गाडी चालवायला मला घेतलंत. साहेबांच्या ओसरीवर नेहमीची बिनकामाची माणसं, कडक इस्त्रीची. तुम्ही वाकून साहेबांच्या कानात सांगितलंत. साहेब मोठ्यानं म्हणाले, ‘ऐका बे! आपला चिटबॉय येडा झालाय, अन् त्याचीबी चिठ्ठी मागाय आलाय!’ ओसरी हसली. ते मी समजू शकतो, त्या हसण्यावरच त्यांची पोटं चालायची. पण तुम्हीही हसलात. हात जोडून हसलात. ‘तसं न्हाई साहेब, जरा झोपंचं बघायचं हुतं.’ ‘मग रातच्याला थोडी घेत जा की!’ पुन्हा हसलात. आणि घरी येऊन आईला काय सांगितलंत? ‘साहेब म्हनले, तुला काय न्हाई झालं.’ पुढं कावीळ झाली तेव्हा अंगात झुंजायला काही शिल्लकच नव्हतं. मयतीला साहेब आले, हार घातला. तुम्हाला लई आवडलं असतं.

मी मग गावात टिकलो नाही. परळीला वीज केंद्रातली राख वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर होतो. ती राख अशी बेकार की डब्यातल्या डाळीतसुद्धा उतरते, आणि ड्रायव्हर म्हणायचा, खा, मिठाचे पैसे वाचतेत. पुण्यात मंडप बांधले. आता दिंद्रुडला एका चाचांच्या गॅरेजात पंक्चर काढतो. चाचा माणूस भारी, त्यांच्या बकरीची एक गोष्ट आहे, पण ते राहू द्या. मला वाटायचं, आपल्याला फिरायची हौस आहे. यंदा झोपच उडाली. छातीत धडधड, आणि पुलावरून जाताना खाली उडी टाकावी असं भरदिवसा वाटायला लागलं. शेवटी चाचाच म्हणाले, ‘पाना हातात धरून रडतूस बे. गिऱ्हाईक पळायलंय. जा दवाखान्यात.’

तिथं काय असतं सांगू? एक खिडकी असते, केसपेपरची. मीही सवयीनं बोलून गेलो, ‘अमक्या साहेबांच्या गावचा हाय.’ आतली बाई म्हणाली, ‘साहेब आजारी हायेत का? पेशंटचं नाव सांगा.’ एवढंच होतं, अण्णा! नाव सांगायचं आणि रांगेत उभं राहायचं. रांगेत एक मास्तर होते, एक बुरख्यातली बाई लेकीला घेऊन आलेली, एक पोलीस. मला कुणी कुणाचा माणूस म्हणून विचारलं नाही. एवढ्या साध्या रांगेला तुम्ही घाबरलात, आणि त्या ओसरीला नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. झोप विचारली, भूक विचारली, आणि चहा घेणार का विचारावं तसं विचारलं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ मी हो म्हणालो. त्या दचकल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या, म्हणाल्या, ‘तसं पुन्हा वाटलं तर तारखेची वाट बघू नका, लगेच या. आणि पुढच्या वेळी घरचं माणूस सोबत आणा.’

आईला घेऊन जाणार आहे. ती येईल, तिला कधी कुणाची चिठ्ठी लागली नाही. गोळ्या चालू आहेत. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, तुम्ही ते आधी साहेबांना वाचायला दिलं असतंत. फक्त एक सांगतो. ‘घरचं माणूस’ म्हणल्यावर माझ्या डोक्यात आई नंतर आली. आधी तुम्ही आलात. मला ते अजिबात आवडलेलं नाही.