धरायचा हात

लातूर,
ता. ८ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप गंगाक्कास शरणप्पाचे शरणु शरणार्थी.

तुझं पत्र पावलं. मलप्पाच्या वसतिगृहातल्या लेकरांचा गोवर उतरला हे वाचून बरं वाटलं. मास्तरकी करायची आणि वर शंभर लेकरांची आई व्हायचं, तुझ्या लेकाच्या नशिबात दोन्ही आलं. इकडे आम्ही दोघं, मी आणि शिवकांता, ठीक आहोत. पाणी तेवढं नाही. जिल्हा झाल्यापासून लातुरात रोज कुठं ना कुठं नवी पाटी लागते, अमुक कार्यालय, तमुक कार्यालय. पाट्या वाढल्या, नळ कोरडे पडले. तू किनवटला सागाच्या सावलीत बसून मला 'उन्हात हिंडू नको' असं लिहितेस. आमच्याकडं आता सावलीसुद्धा टँकरनंच आणावी लागेल.

हात कसा आहे म्हणून विचारलंस. हात आहे.

आणि त्याच पत्रात तू लिहितेस, दावा काढून घे, मोठ्या माणसाशी वैर नको. अक्का, तुझ्यावर रागावता येत नाही म्हणून गप्प बसलो होतो. पण तुला सगळं नीट कधी कळवलंच नाही, तेव्हा चूक माझीच. आज लिहितो.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फक्त गुत्तेदार किशनरावाच्या बोअरला पाणी होतं. नव्या सरकारी इमारतींची कामं त्याच्याकडं, त्यामुळं बोअर खोल आणि राखणीला कुत्रा. हैदराबादेहून आणलेला, वासराएवढा. किशनरावाच्या बायकोनं आपण होऊन शिवकांताला सांगितलं होतं की पूजेपुरती एक घागर रोज न्या. मी सकाळी जायचो, फाटकातून हाक मारायचो, 'या' म्हणाले की आत जायचो. त्या दिवशीही हाक मारली, आतून 'या' आलं. घागर भरून वळलो तर कुत्रा मोकळा. तो सरळ छातीवर आला.

छातीवर गळ्यातल्या डबीत माझं इष्टलिंग. मी डाव्या हातानं ती करडगी मुठीत धरली. उजव्या हातात भरली घागर होती, ती टाकून त्याला हाणावं हे सुचलंच नाही. त्यानं माझी मूठ तोंडात धरली ती गड्यानं येऊन ओढेपर्यंत सोडली नाही. चांदीच्या करडगीला एक ओरखडा नव्हता. पाणीसुद्धा फार सांडलं नव्हतं.

कुत्र्यावर माझा राग नाही. त्याला राखणीला ठेवलं, त्यानं राखण केली. किशनराव मात्र दवाखान्यात डोकावलाही नाही. पोटातली इंजेक्शनं घेऊन घरी आलो तर गल्लीभर बोलणं झालेलं, 'शरणप्पा फाटक ढकलून शिरला, पाण्याचा चोर.' मी आयुष्यभर आठवडी बाजारात डाळ-मिरची विकली. मुरूडला, औशाला, चाकूरला, जमिनीवर पोतं अंथरून, हातात तागडी धरून. माझं माप कमी भरलं असं कोणी कधी म्हटलं नाही. आता तागडी धरता येत नाही, म्हणून बाजार बंद. आणि वर चोर. तू सांग, दावा कसा काढून घेऊ?

आपल्या भाच्यानं, विरूपाक्षानं वकीलपत्र घेतलंय. पोरगं हुशार आहे. पुढल्या महिन्यात माझी साक्ष आहे.

जेवणखाण व्यवस्थित आहे, पूजा होते. शिवकांता पाया पडते. काळजी करू नको.

तुझा,
शरणप्पा


लातूर,
ता. १२ एप्रिल १९८७

तीर्थरूप अक्कास शरणु.

साक्ष होऊन महिना होत आला. तुला कळवायला उशीर केला, कारण काय कळवायचं तेच ठरत नव्हतं.

त्या दिवशी शिवकांतानं धोतर धुऊन दिलं. धुऊन म्हणजे ओलं करून झटकून. मी भस्म लावून गेलो. विरूपाक्षानं मला आधी पढवलं होतं: विचारतील तेवढंच सांगा, हाताचं नुकसान किती मोठं ते सांगा. मी हो म्हटलं. कोर्टात पंखा होता, वीज नव्हती.

किशनरावाचा वकील उंच, गोड बोलणारा. मला वाटलं चोर म्हणून ओरडेल. तो तर माझी विचारपूस केल्यासारखं विचारायला लागला.

"शरणप्पा, तुमचं काम कोणत्या हातानं चालतं?"

"उजव्या, साहेब."

"आणि डाव्या?"

"त्याला म्या कधी काम लावलं न्हाई. डावा हात लिंगाचा हाय, पूजेचा."

"म्हणजे डाव्या हातानं तुम्ही काहीच काम करत नाही?"

"न्हाई साहेब. शपथेवर सांगतो."

खरं सांगतो अक्का, त्या वेळी मला बरं वाटलं. वाटलं, आता न्यायाधीशाला कळलं हा हात काय आहे ते. जज्जसाहेबांनी कारकुनाला सांगितलं आणि त्यानं टाइप केलं, 'मी डाव्या हाताने कोणतेही काम करत नाही.' माझ्याच तोंडचं, फक्त लिंग तेवढं गळून गेलं होतं.

विरूपाक्ष ताडकन उभा राहिला. मला विचारलं, "तागडी कोणत्या हातात धरायचे तुम्ही?"

"डाव्या."

"मग ते काम नव्हं का?"

एवढा शिकलेला पोरगा असं काय विचारतो? मी म्हटलं, "धरनं हे काम कसं व्हईल? माल घालायचं, काढायचं, पुडी बांधायचं काम उजवा करतो. डावा निस्ता धरतो."

मागं बाकावर कोणीतरी हसलं. डावा हात म्हटल्यावर लोकांच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे. किशनराव मात्र हसला नाही. त्यानं घड्याळात बघितलं.

बाहेर लिंबाखाली विरूपाक्ष डोकं धरून बसला. "मामा," तो म्हणाला, "दोन वर्सं म्या दावा उभा केला, तुमी एका वाक्यात निजवला."

शिवकांता त्याच्यावर चिडली. "मग काय खोटं बोलायचं व्हतं त्यांनी? शपथ घेऊन?"

"खोटं न्हाई मामी. हात कामाचा व्हता येवढंच म्हनायचं व्हतं. तागडी धरनं हे कामच हाय की."

तिला ते पटलं नाही. मलाही तिथं पटलं नाही. घरी येताना वाटेत पटलं. खरंच की अक्का. तागडी धरल्याशिवाय डाळ कशी जोखणार? पण आपल्या घरात तसं कोणी कधी म्हटलंच नाही. अप्पा म्हणायचे, उजवा कमावतो, डावा सांभाळतो. मी तेच शिकलो आणि तेच कोर्टात सांगून आलो.

आता तुला आणखी एक सांगतो. पूजा होते असं मी लिहितो, ती एकट्यानं होत नाही. तळहात आत ओढला गेलाय, सपाट होत नाही, त्यावर लिंग ठरत नाही. शिवकांता खालून तिचा हात लावते. तिच्या तळव्यावर माझा हात, त्यावर लिंग. तुला आठवतं का, मला दीक्षा दिली तेव्हा माझा हात थरथरायचा आणि आपल्याला जन्म देणारी अव्वा तर तेव्हा नव्हतीच. तू आपला हात खालून लावायचीस आणि दुसऱ्या हातानं माझ्या कानावर चापट मारायचीस, नीट बघ म्हणून. शिवकांता चापट मारत नाही एवढाच फरक.

तेव्हा हसू नको आणि रडू पण नको. निकाल बाकी आहे. विरूपाक्ष म्हणतो, जज्ज समजूतदार आहेत.

तुझा,
शरणप्पा


लातूर,
ता. २० जुलै १९८७

तीर्थरूप अक्कास शरणप्पाचे शरणु शरणार्थी.

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. तिकडे जंगलात तरी पडला का?

निकाल लागला. दावा फेटाळला. विरूपाक्षानं मला निकाल वाचून दाखवला, मधेमधे थांबत. त्यात लिहिलंय की मी परवानगीनं आत गेलो होतो, म्हणजे चोर नव्हतो. तेवढं मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. पण पुढं असं आहे की वादीच्या स्वतःच्या कथनाप्रमाणे डाव्या हाताने तो कोणतेही काम करत नसल्याने त्याच्या उपजीविकेचे नुकसान झाल्याचे सिद्ध होत नाही. विरूपाक्ष म्हणतो वर अपील करू. त्याचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "बाळा, तुझी काई चूक न्हाई. जा, जेवून घे."

मला भरपाई कशाची हवी होती, अक्का? बाजार तर गेलाच होता. कोणीतरी शिक्का मारून लिहावं की ह्या माणसाचा हात गेला आणि तो किमतीचा होता, एवढंच मनात होतं. त्यांनी शिक्का मारला आणि उलटं लिहिलं. आणि ते मीच सांगितलं होतं. लई वाईट वाटतं. दिवसभर तेच वाक्य डोक्यात फिरतं. शिवकांता हाक मारते ती ऐकू येत नाही.

तू हाताचं विचारलंस की मी एका ओळीत उडवून देतो. आज ते जमणार नाही. उन्हाळ्यात जुनी जखम परत फुटली. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर निघाली, कधीची ते कोणाला माहीत. बोटं तळहातावर मिटली आणि काळी पडत चालली. आता शिवकांतानं खालून हात लावला तरी काही उपयोग नाही, कारण लिंग ठेवायला जागाच उरली नाही.

आपले स्वामी येऊन गेले. भले माणूस. म्हणाले, "शरणप्पा, उजव्यावर घ्या. शिवाला डावंउजवं न्हाई." मी ऐकलं. उजव्या हातावर लिंग घेतलं आणि डोळे लावले. अक्का, माझा उजवा हात सवयीनं वजन बघायला लागला. मिरचीचं वजन बघावं तसं. मी लिंग परत करडगीत ठेवलं.

तेव्हापासून पूजा नाही. आणि पूजेशिवाय तोंडात घास घालायचा नाही हे तूच मला शिकवलंस. शिवकांता रडली की संध्याकाळी दोन घोट कण्या घेतो. 'जेवणखाण व्यवस्थित' असं मी लिहायचो ते खोटं होतं. कोर्टात खोटं बोललो नाही, तुझ्याशी बोललो.

डॉक्टर तरुण आहे, चांगल्या मनाचा. म्हणाला, मनगटातून काढायला लागेल, आठवड्याच्या आत, नाहीतर विष वर चढेल. मी हात मागं घेतला. तो वैतागला. म्हणाला, "आजोबा, डाव्या हाताचं काय एवढं घेऊन बसलात? उजवा आहे की." कोर्टानं विचारलं होतं ते हेच. तिथं मी उत्तर दिलं आणि हात गमावला. ह्या वेळी उत्तर दिलं नाही. चप्पल घातली आणि घरी आलो.

मला कल्पना आहे तू काय म्हणशील. हातापेक्षा जीव मोठा. शिवकांता तेच म्हणते, मग भिंतीकडं तोंड करून बसते. तिच्याकडं बघवत नाही. पण अक्का, आपल्यात मेल्यावर मातीत बसवतात तेव्हा लिंग डाव्या तळव्यावर ठेवतात. अप्पांना तसंच बसवलं, भावजींना तसंच बसवलं. मला कुठं ठेवतील? ज्यासाठी कुत्र्याच्या तोंडात हात दिला, तो हात बाटलीत घालून फेकून द्यायचा आणि मी थोटा जाऊन बसायचा? जगात त्याला किंमत मिळाली नाही. मातीत तरी त्याचं काम त्याला करू दे. बघ, आता मीसुद्धा काम म्हणायला लागलो. फार उशिरा शिकलो.

आठवड्यातले चार दिवस गेले. कालपासून हुडहुडी भरते. ही अक्षरं वाकडी आली असतील, समजून घे.

तू ये. मलप्पाला घेऊन ये, रेल्वेनं नांदेडपर्यंत, तिथून लातूरची एस.टी. धर. मी बोलता असलो तर चापट मार, मी काही म्हणणार नाही. मी नसलो तर एक कर. बोटं घट्ट मिटलीत, शिवकांताच्यानं ती उघडवणार नाहीत. तुला माझ्या हाताची सवय आहे. सगळे घाई करतील, तू ऐकू नको. ती उघड, खालून तुझा हात लाव, लिंग ठेव, आणि माझी बोटं त्यावर नीट बसल्याशिवाय हात काढू नको.

तुझ्या तळव्यावर हात ठेवून,
शरणप्पा