कार्मनूच्या पाठीमागची भिंत

गोझो, १३ सप्टेंबर

आदरणीय डुलुरीमावशींना वेन्झुचा मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे मेलबर्नच्या थंडीत कसे आहेत ते कळवा. इकडे सगळे ठीक. आई रोज तुमच्या नावाने एक मेणबत्ती लावते (आणि ती विझेपर्यंत तुमच्या तक्रारी सांगते, म्हणजे आठवण पक्की आहे).

मावशी, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. या वयात स्टुलावर चढून तुम्ही लग्नाचा अल्बम काढलात आणि अकराच्या अकरा फोटो रजिस्टर पोस्टाने पाठवलेत. त्या फोटोंनी मला वाचवलं. कसं ते ऐका.

हल्ली आपल्या बेटावर नियम असा आहे की खोदाईआधी शेजाऱ्याच्या घरातल्या भिंतींचे फोटो काढून कुठे किती तडा आहे ते नोंदवायचं. नोंदीत नसलेला तडा पुढे दिसला तर तो कंत्राटदाराचा. मग विमा कंपनी हात वर करते. विमा नाही तर परवाना नाही, आणि परवाना गेला की तुमचा भाचा बहिणीच्या खानावळीत बशा विसळायला मोकळा. (नियम चांगला आहे. मी स्वतःच गावभर त्याचं कौतुक करत हिंडलो होतो.)

तर मी चेट्टाकाकूंच्या शेजारी तळघर खणायचं काम घेतलं. फेब्रुवारीत नोंद करायला इंजिनिअरबाई येणार, असं काकूंना आठ दिवस आधी सांगितलं. इथेच माझी अक्कल गहाण पडली. फोटो काढायला परकं माणूस येणार म्हटल्यावर आपल्या गावातली कुठली बाई घर जसंच्या तसं ठेवील? काकूंनी सांता मारियाच्या उत्सवाचा लाल दमास्क, तो जाड रेशमी पडदा, पेटीतून काढला आणि भर फेब्रुवारीत बैठकीच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत लावला. वर मध्यभागी मारियामातेची तसबीर. इंजिनिअरबाईंनी मधाच्या कड्या खाल्ल्या, कॉफी घेतली, तसबिरीसमोर क्रूस केला, आणि मातेच्या तसबिरीमागचं वस्त्र कसं उचलायचं म्हणून लिहून टाकलं, ‘भिंत निर्दोष.’

एप्रिलमध्ये खोदाई सुरू झाली. काकूंनी कापड धुवायला काढलं, त्याच रविवारी त्यांचा वकील पुतण्या जेवायला आला, आणि त्याला बोट आत जाईल एवढा तडा दिसला. तक्रार गेली, काम थांबलं. मी काकूंकडे जाऊन हातापाया पडलो की तडा जुना आहे एवढं फक्त सांगा. काकू ढिम्म हलल्या नाहीत.

“ती भिंत माझ्या कार्मनूने बांधलीय,” त्या म्हणाल्या. “अख्ख्या गोझोत त्याच्यासारखा गवंडी नव्हता. त्याच्या भिंतीला तडा जाईल? तुझ्या यंत्राला विचार जा.”

आता मेलेल्या नवऱ्याच्या अब्रूपुढे माझा शब्द कोण मानणार? म्हणून तुम्हाला पत्र टाकलं, कारण तुमच्या लग्नाची मेजवानी त्याच बैठकीत झाली होती.

फोटो आले. दहा फोटोंत कार्मनूकाका एकाच जागी, भिंतीला पाठ टेकून, ताठ उभे. केक कापताना तिथेच, सगळे नाचत असताना तिथेच. मी डोक्याला हात लावला. मात्र अकराव्या फोटोत तुमच्या हातून शेवटच्या क्षणी साखरेचे बदाम सांडलेत आणि काका ते वेचायला वाकलेत. त्यांच्या वर, छतापासून निघालेला, तोच तडा.

मी तो फोटो काकूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून फोटोतल्या तड्यावरून बोट फिरवलं.

“आणि मी जन्मभर भांडले त्याच्याशी,” त्या म्हणाल्या, “की पाहुणे आले तरी बसत का नाहीस म्हणून. मेल्याने एकदाही सांगितलं नाही.”

मग त्या हसल्या, मग रडल्या, आणि डोळे पुसून मला म्हणाल्या, “आण तो तडा जुना असल्याचा कागद, सही करते.” काम परवा सुरू झालं. मावशी, मी खरोखर तुमचा ऋणी आहे.

तुमचा,
वेन्झु

ता. क. अकरावा फोटो परत मिळणार नाही. काकूंनी तो चौकटीत घालून तड्यावरच टांगलाय. तडा बुजवू देत नाहीत. म्हणतात, राहू दे त्याच्या पाठीशी.

ता. क. २. आमच्या शेजारचा झारेन दोन मजले चढवतोय. काल आमच्याकडेही इंजिनिअरबाई फोटो काढायला आल्या होत्या. स्वयंपाकघराची भिंत मी स्वतः बांधलेली, हे तुम्हाला माहीत आहेच. आईने बाईंना खुर्ची दिली, मलाही दिली. मी भिंतीला पाठ टेकून उभाच राहिलो.

ता. क. ३. गेल्या वर्षीच्या ईस्टरला तुम्ही इथे होतात, तेव्हा ‘हा मुलगा जेवायलासुद्धा बसत नाही’ म्हणून माझ्यावर रागावला होतात. त्या वेळी तुम्ही पुष्कळ फोटो काढलेत. त्यांत चुकून कुठे मी बसलेला असेन आणि मागची भिंत दिसत असेल, तर तेवढा एक फोटो रजिस्टर पोस्टाने पाठवा, झारेनला पुढेमागे लागेल. आईला सांगू नका.