भिंतीवरच्या रेघा

देवळा,
९ ऑगस्ट २०२४

चि. चैताली हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

जूनमध्ये छत्री इथेच खुंटीला विसरून गेलीस. आता नाशकात भिजत असशील. त्यापेक्षा म्हातारीवर भरवसा टाकायचं विसरली असतीस तर बरं झालं असतं.

फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून अंगणवाडीच्या मालनबाईंकडून लिहवून घेतेय. शाळेच्या प्रकल्पासाठी कांदाचाळीत तू दोन क्रेट मांडलेस, एक साधा आणि एक, कांदा कमी सडावा म्हणून, तुझ्या हवेच्या नळीचा. मला अक्षर येत नाही म्हणून सांगितलंस, सडका कांदा दिसला की भिंतीवर खडूची रेघ मार, कांदा मात्र हलवू नको. पण नळीच्याच क्रेटमध्ये जास्त सडायला लागले गं. वाटलं, पोरीचं हसं होईल. सडके काढले, चांगले भरले, नळीच्या बऱ्याच रेघा पदराने पुसल्या. मालनबाईंनी पाठवलेल्या फोटोवरून तू उरलेल्या मोजल्यास आणि प्रदर्शनाला निवडली गेलीस. मी गल्लीत पेढे वाटले, एक स्वतःही खाल्ला. काल शेजारचे केरूभाऊ म्हणाले, नातीची नळी माझ्या अख्ख्या चाळीला घालतो. त्यांचा सगळा कांदा सडायचा, म्हणून आजच मालनबाईंना गाठलं.

रागाव, पण आजी म्हणणं सोडू नकोस.

तुझी आजी


नाशिक रोड,
१५ ऑगस्ट

ती. आजीस चैतालीचा सा. न.

दोन दिवस तुझं नावही घेतलं नाही. मग वर्गासमोर खरं सांगितलं. सायली मॅडमनी प्रदर्शनातून नाव काढलं, पण विचारलं, नळीनेच जास्त का सडले? तुला ठाऊक आहे का? आणि केरूआजोबांना आधी थांबव.

रागावलेली, तरी तुझीच,
चैताली


देवळा,
२७ ऑगस्ट

चि. चैतालीस आशीर्वाद.

केरूभाऊंना त्यांच्या ओट्यावर, चार माणसांदेखत सांगितलं. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

का सडले, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नळीचं बाहेरचं टोक तू न्हाणीकडे काढलंस. सगळी ओल आत. शाळेतल्या पोरीला अडाणी बाईने काय सांगायचं, म्हणून गप्प बसले. रेघा पुसल्या त्याहून याची लाज जास्त वाटते. आता टोक वाऱ्याकडे वळवलंय, दोन्हींत नवे कांदे मोजून भरलेत. आज आठवा दिवस. साध्यात पाच रेघा, नळीत सहा. हात शिवशिवतो, पण एकही पुसली नाही.

माया असू दे. छत्री अमोलकाकाच्या हाती पाठवतेय. परतताना त्याच्याकडे चिवडा दे, पण कांद्याचा नको. सध्या कांद्याकडे मला बघवत नाही.

तुझी आजी